खर्जाची बांधणी : ध्वनिमिश्रणातील एका रूढ उपायाची समीक्षा

ध्वनिमुद्रित संगीताची आपल्याकडील समीक्षा बहुतांशी चाल, शब्द आणि गायकी या तीन अंगांभोवती फिरत राहिली आहे. गीत मुद्रित झाल्यानंतर आणि श्रोत्याच्या कानी पडण्यापूर्वी त्यावर जो चौथा संस्कार होतो, त्याची दखल घेण्याची प्रथा आपल्या समीक्षेत पडलेली नाही. हा संस्कार म्हणजे मिश्रण. निरनिराळ्या वाद्यांची व कंठांची स्वतंत्र मुद्रणे एकत्र आणताना कोणते अंग पुढे ठेवावे, कोणते मागे सारावे, कोठे छाटावे व कोठे दाबावे, याचा निर्णय मिश्रणकार घेतो; आणि हा निर्णय चालीइतकाच संगीताच्या अर्थास साधक वा बाधक ठरतो. प्रस्तुत लेखात या विस्तृत विषयाचा एकच भाग घेतला आहे : खर्ज, म्हणजे स्थूलमानाने २५० हर्ट्झच्या खालचा नादप्रदेश, आणि तो 'घट्ट' करण्याचे दोन सर्वमान्य उपाय, इक्वलायझर व कॉम्प्रेसर. कोशकार यांना समतोलक व संपीडक म्हणू इच्छितील. परंतु ज्या खोल्यांत ही यंत्रे चालतात तेथे हे शब्द कोणाच्याही तोंडी नाहीत, म्हणून येथेही त्यांचा आग्रह धरलेला नाही.

विवेचनासाठी पालघर जिल्ह्याचा किनारा आणि त्यामागील डोंगरपट्टा डोळ्यांसमोर ठेवला आहे, त्यास कारण आहे. पालघर स्थानकापासून पश्चिमेस सातपाटीकडे जाताना लागणारे शिरगाव हे समुद्रकाठचे, जुन्या किल्ल्याचे गाव. या टापूत मांगेला, भंडारी, वाडवळ अशा समाजांची लग्नगीते व नाचाची गाणी आहेत. उत्तरेस व पूर्वेस डहाणू, जव्हार, विक्रमगड या भागांत वारल्यांचा तारपा आहे. आणि तारापूरचे अणुविद्युत् केंद्र १९६९ मध्ये सुरू झाल्यानंतरच्या काळात बोईसरची औद्योगिक वसाहत वाढत जाऊन नाना प्रांतांतून आलेल्या कामगारांचे संगीतही येथे रुजले आहे. या सर्वांच्या वरातींत आज एकच यंत्रसामग्री वाजते. खर्जाच्या भल्यामोठ्या पेट्या गाडीवर रचलेल्या असतात आणि कोळीगीत असो, चित्रपटगीत असो की तारप्याची चाल असो, तिच्याखाली घातलेला ठोका एकाच साच्यातून निघाल्यासारखा ऐकू येतो. हा साचा कोठून आला आणि तो सर्व संगीतांस सारखाच मानवतो काय, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही.

प्रथम 'घट्ट' या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे, कारण त्याबाबत बराच गोंधळ आढळतो. खर्ज घट्ट करणे म्हणजे खर्ज वाढविणे, अशी नवशिक्याची समजूत असते. वस्तुतः घट्टपणा हा वजनाचा गुण नसून कालाचा गुण आहे. ढोलावर टिपरू पडले की आघाताचा क्षण आणि त्यामागून येणारा घुमारा असे नादाचे दोन भाग होतात. घुमारा पुढील आघातापूर्वी विरला तर ठेका रेखीव वाटतो. तो पुढील आघाताच्या अंगावर सांडला तर सर्व खर्ज एका चिखलासारखा भासतो. तेव्हा प्रश्न खर्ज किती आहे हा नसून तो केव्हा संपतो हा आहे. पखवाजाला कणीक कमी-अधिक लावणाऱ्या वादकास हे ठाऊक असते, आणि दिंडीतल्या मृदंगवाल्यालाही. यंत्र हाती आल्यावर मात्र आपण ते विसरलो, असे म्हणावे लागते.

इक्वलायझर हे साधन एखाद्या कंपनसंख्येच्या आसपासचा नाद वाढविते वा घटविते. खर्जाच्या बाबतीत त्याचे तीन उपयोग रूढ आहेत. पहिला, तीस-चाळीस हर्ट्झच्या खाली जे काही असेल ते कापून टाकणे. तेथे संगीत फारसे नसते, परंतु वाऱ्याचा, मंचाच्या हादऱ्याचा व वाहनांचा घरघराट असतो आणि तो ध्वनिवर्धकाची शक्ती फुकट खातो. दुसरा, दोन वाद्यांनी एकाच जागेवर हक्क सांगितला असता एकास थोडे मागे सारणे. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर लागते आणि ठोक्याच्या ढोलाचा आधारनाद बहुधा पन्नास-साठ हर्ट्झवर असतो. दोन्ही एकाच वेळी पूर्ण भरात ठेवली तर कानाला दोन्हीपैकी एकही स्पष्ट होत नाही. तिसरा उपयोग सर्वांत प्रसिद्ध व सर्वांत धोक्याचा : २०० ते ४०० हर्ट्झमधील भाग उतरविणे. या भागाला मिश्रणकार 'गढूळ' म्हणतात व तो सवयीने, कित्येकदा ऐकण्यापूर्वीच, कापतात.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. खर्जातील पुष्कळसे दोष इक्वलायझरने दुरुस्त होणारे नसतातच. हवेत नादाची गती सेकंदास सुमारे ३४३ मीटर धरली तर १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३.४ मीटरांहून किंचित जास्त भरते. एकाच ढोलासमोर दोन मायक्रोफोन ठेवले आणि त्यांपैकी एक दुसऱ्याहून १.७ मीटर दूर असला, तर १०० हर्ट्झपाशी एकाची चढती लहर दुसऱ्याच्या उतरत्या लहरीवर येऊन दोन्ही एकमेकींस खाऊन टाकतात. हा खड्डा भरून काढण्यासाठी इक्वलायझरने १०० हर्ट्झ कितीही उचलला तरी दोन्ही बाजू सारख्याच उचलल्या जातात आणि बाकी पुन्हा शून्यच उरते. उपाय एकच, मायक्रोफोन हलविणे किंवा एक मुद्रण काळात किंचित सरकविणे. तीच गोष्ट खोलीची. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपास व तीन मीटर रुंदीमुळे ५७ हर्ट्झच्या आसपास नाद साचतो. त्या खोलीत बसून मिश्रणकार जो ५७ हर्ट्झ कापतो तो गाण्यातला नसून भिंतींतला असतो. घरगुती स्टुडिओंतून निघणारी अनेक गाणी मोकळ्या मैदानावर पोकळ का वाटतात, त्याचे एक कारण हे आहे. शिरगावच्या किनाऱ्यावर भिंती नाहीत.

कॉम्प्रेसरचे कार्य निराळे. नादाने एक ठरावीक उंबरठा ओलांडला की त्यापुढील चढ तो ठरावीक प्रमाणात कमी करतो. चारास एक असे प्रमाण ठेवले तर उंबरठ्यापलीकडे चार डेसिबेल चढू पाहणारा नाद एकच डेसिबेल चढतो. परंतु खरा प्रश्न प्रमाणाचा नाही, वेळेचा आहे. यंत्र किती अवधीने पकड घेते आणि किती अवधीने सोडते, यावर परिणाम पूर्णपणे उलटू शकतो. पकड तीस मिलिसेकंदांनी घेतली आणि पुढील आघाताआधी सोडली, तर आघात निसटून जातो व केवळ घुमारा दबतो; ठेका घट्ट होतो. पकड एका मिलिसेकंदात घेतली आणि लगेच सोडली, तर आघात ठेचला जातो आणि शेपूट वर येते; म्हणजे ज्या यंत्राने बांधायचे त्याच यंत्राने खर्ज सैल होतो. याहून सूक्ष्म एक अडचण आहे. ५० हर्ट्झच्या नादाचे एक कंपन पुरे होण्यास २० मिलिसेकंद लागतात. सोडण्याचा अवधी याहून कमी ठेवला तर यंत्र आवाजाच्या चढउताराऐवजी प्रत्यक्ष कंपनाच्याच मागे धावू लागते आणि नादाचा आकार मोडतो. त्यातून उपस्वर निर्माण होतात व ते अप्रिय असतात. अर्थात काही जण हाच परिणाम जाणूनबुजून साधतात, कारण मोबाइलच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकावर खालचा आधारनाद उमटत नाही. उपस्वर मात्र उमटतात, आणि कान त्यांवरून नसलेला आधारस्वर कल्पनेने भरून काढतो. त्यास कौशल्य म्हणावे की फसवणूक, हा वाद येथे सोडवीत बसत नाही. माझे मत असे की ज्या श्रोत्याजवळ मोबाइलच आहे त्याच्यासाठी केलेली ती सोय आहे, आणि सोयीस नावे ठेवण्याचे कारण नाही.

हे सर्व ज्ञान पाश्चात्य जनप्रिय संगीतातून आले, हे लपविण्यात अर्थ नाही. १९५१ सालचा पल्टेक इक्वलायझर, १९६७ सालचा बिल पटनम यांचा ११७६ कॉम्प्रेसर, या यंत्रांच्या संगणकीय प्रतिकृती आज मुंबईपासून बोईसरपर्यंत सर्वांच्या संगणकांत आहेत. यंत्र परकीय असल्याने ते अग्राह्य ठरत नाही, हार्मोनियमही परकीयच. पण ज्या वाद्यांसाठी त्याचे हिशोब बसविले गेले त्यांचे आणि आपल्या वाद्यांचे स्वभाव एक नाहीत, आणि तेथे समीक्षेचे काम सुरू होते.

डग्ग्याचे उदाहरण घेऊ. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या टिपणात, व पुढे विस्ताराने, असे दाखविले की आपल्या चर्मवाद्यांवरील शाई ही अलंकार नसून पुडीच्या उपस्वरांना आधारस्वराच्या पटींत आणणारी योजना आहे. पाश्चात्य ढोलाच्या पुडीचे उपस्वर असे सुसंवादी नसतात, म्हणून त्याचा नाद 'स्वर' न होता 'ठोका' राहतो. डग्ग्याचा नाद स्वर आहे, आणि त्याहून विशेष म्हणजे तो चल स्वर आहे. मनगटाचा दाब वाढविला की तो वर चढतो; घिस्सा घेतला असता तो शंभर हर्ट्झच्या आगेमागे मींड घेत सरकतो. आता पाश्चात्य ठोक्याच्या सवयीने एखाद्याने ८० हर्ट्झपाशी अरुंद उंचवटा ठेवला तर काय होईल? मींड त्या जागेवरून जाताना एकदम फुगेल आणि पुढे जाताच बसेल. वादकाने हाताने जी सलग रेषा काढली तिच्यावर यंत्र एक गाठ मारते. म्हणून डग्ग्यासाठी रुंद, उथळ वळण हवे, अरुंद शिखर नको. तसेच कॉम्प्रेसरने घुमारा दाबला तर दबते ती मींडच, कारण मींड आघातात नसून घुमाऱ्यात असते. ढोलाच्या बाबतीत जो कचरा म्हणून काढून टाकावा, तोच डग्ग्याच्या बाबतीत अर्थ असतो. भावगीतांच्या अलीकडील पुनर्मुद्रणांत तबला कधी कधी पेटी ठोकल्यासारखा ऐकू येतो, तो याच अविवेकामुळे.

ढोलकीची गोष्ट या दोहोंच्या मध्ये पडते. तिच्या डाव्या पुडीस आतून मसाला लावलेला असतो, त्यामुळे घुमारा खोल व दीर्घ येतो. उजवी पुडी कडक. लावणीत उजवी बाजू शब्दांशी झगडते आणि डावी नाचणारीच्या पावलांखाली जमीन अंथरते. रवी जाधव दिग्दर्शित 'नटरंग' (२०१०) या चित्रपटातील अजय-अतुल यांच्या लावण्यांत वाद्यवृंद मोठा असूनही डाव्या पुडीचा घुमारा जागा धरून राहतो, आणि त्या लावण्या फडावरच्या वाटतात याचे श्रेय चालीइतकेच या जागा राखण्याला दिले पाहिजे. नंतरच्या अनेक अनुकरणांत डाव्या पुडीखाली विद्युत् ठोका घालून तिला दुय्यम केलेले दिसते. ढोलकी मग फक्त कडकडत राहते.

मागील पिढीच्या मुद्रणांकडे वळले असता आणखी एक प्रश्न समोर येतो. १९२५ पूर्वी कर्ण्यासमोर गाऊन जी मुद्रणे होत त्यांत खर्ज जवळजवळ नव्हताच. विद्युत्-मुद्रण आल्यावर तो आला, परंतु तबकडीवर खर्जाची खाच रुंद पडते, जागा खाते व सुईला उडविते. म्हणून खर्ज मुद्रणसमयी उतरवून वाजविताना पुन्हा चढविण्याची पद्धत रूढ झाली आणि १९५४ च्या सुमारास तिचे एकच वक्र अमेरिकेत प्रमाण ठरले. चित्रपटाचा प्रकाशीय ध्वनिपट्टाही फार खाली जाऊ शकत नसे. या बंधनांत काम करणाऱ्या मुद्रणकारांनी खर्जाचे शरीर खाली न शोधता जरा वर, शंभर ते तीनशे हर्ट्झमध्ये उभे केले. जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' (१९७७) याचा उत्तम दाखला आहे. ठाकरांच्या जीवनावरील या चित्रपटात नायक स्वतः ढोलिया आहे. त्याच्या वाद्याला कथेत जवळजवळ पात्राचे स्थान आहे. हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतात चर्मवाद्यांना जो मातकट, जवळचा, हाताने वाजविल्यासारखा पोत लाभला आहे, तो नेमका त्या प्रदेशात वसतो ज्यास आजचा मिश्रणकार गढूळ म्हणून कापतो. तेव्हा अशा संगीताची 'नवी आवृत्ती' काढताना तीनशेखालचा भाग पुसून साठ हर्ट्झ फुगविणे म्हणजे ठाकराच्या ढोलाला दुसऱ्याच कोणाच्या घरी नेऊन बसविणे होय. येथे स्वच्छता हा गुण नाही.

याविरुद्ध असे म्हणता येईल की प्रत्येक काळ आपल्या साधनांप्रमाणे ऐकतो आणि जुन्या मर्यादांना सौंदर्य समजणे ही भाबडी स्मरणरंजकता आहे. या आक्षेपात तथ्य आहे. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) चे संगीत या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्याचा सिंफनी वाद्यवृंदाचा भाग हॉलिवुडमधील सोनीच्या मुद्रणगृहात मुद्रित झाला, ही गोष्ट तेव्हा बरीच गाजली. प्रेमगीतांतील खर्ज डबल बेसच्या गजातून येतो; त्याला आघात नाही, तो हळूहळू उगवतो आणि मोठ्या दालनाची हवा बरोबर घेऊन येतो. असा खर्ज कॉम्प्रेसरने आवळला तर दबलेल्या नादाऐवजी दालनाचा प्रतिध्वनी वर येईल आणि भव्यता धुरासारखी होईल. त्याच चित्रपटातील 'झिंगाट' मध्ये मात्र खर्ज आघाताचा आहे, वरातीतल्या पायांसाठी घडविलेला आहे, आणि तो आवळलेलाच हवा. एकाच कृतीत दोन खर्ज, दोन न्याय. जुन्या मर्यादा गेल्या म्हणून विवेकाची गरज गेली नाही, उलट वाढली.

आता वरातीकडे येऊ. कान सर्व कंपनसंख्यांना सारखी दाद देत नाही, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले. हळू आवाजात ६३ हर्ट्झचा नाद १००० हर्ट्झच्या ४० डेसिबेलइतका मोठा वाटण्यास आजच्या आंतरराष्ट्रीय वक्रांप्रमाणे सुमारे ७३ डेसिबेल लागतात, म्हणजे ३३ चा फरक. आवाज ८० वर नेला की हा फरक विसाच्या आत येतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की रात्री शेजाऱ्यांच्या भीतीने हळू आवाजात मिश्रण करणारा मनुष्य खर्ज कमी वाटतो म्हणून तो वाढवितो, आणि तेच गाणे गाडीवरच्या पेट्यांतून निघते तेव्हा छातीवर बुक्के मारते. वर पेटीवाला आणखी वाढवितो ते वेगळेच.

या बुक्क्यांना कायद्याच्या मोजमापात जागा फार थोडी आहे, ही बाब विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा आहे, आणि ही मोजणी 'ए' भाराने होते. हा भार मुळात त्या ४० फॉनच्या, म्हणजे हळू आवाजाच्या वक्रावरून बेतलेला. तो १२५ हर्ट्झवर १६ आणि ६३ हर्ट्झवर २६ डेसिबेल वजा करतो. म्हणजे ज्या खर्जाने शिरगावातल्या घराची तावदाने थरथरतात त्याचा फार मोठा हिस्सा मापक मोजण्यापूर्वीच सोडून देतो, आणि तेही ज्या मोठ्या आवाजात कान स्वतः इतकी सूट देत नाही तेथे. वरातीतील कर्कशपणा मापकाला दिसतो, धडधड फारशी दिसत नाही. पेट्यांची रचना खालच्या दिशेने वाढत जाण्यास हेही एक कारण झाले असावे, असा माझा तर्क आहे. लहान मुले, वृद्ध, गोठ्यातली जनावरे यांचा प्रश्न संगीतसमीक्षेच्या कक्षेबाहेरचा म्हणून कोणी टाळू पाहील. मला तो कक्षेतलाच वाटतो. घट्ट बांधलेला खर्ज कमी शक्तीत काम भागवितो, कारण आघात स्पष्ट असला की पाय आपोआप पडतो. सैल खर्जालाच मोठ्या पेट्या लागतात.

राहिला तारपा, आणि या लेखाचे मुख्य प्रयोजन तेच आहे. वाळविलेला दुधी भोपळा, त्यात बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या व जिभाळ्या, खाली ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा, सांधे मेणाने बुजविलेले, असे हे वाद्य. वाजविणारा नाकाने श्वास घेत असताना गालांतली हवा पुढे ढकलतो, त्यामुळे नाद तुटत नाही. न तुटणे हाच तारप्याचा धर्म आहे. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून मोकळ्या टोकाचे वेटोळे करतात आणि वादक वळेल तसे वळतात. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८), ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांतले वेटोळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. तारप्यात खर्ज कोठे आहे? नळीत तो फारसा नाही; तो पावलांत आहे, आणि पुढच्या नर्तकाने जमिनीवर आपटलेल्या काठीत आहे. म्हणजे या संगीतात काल श्वासाकडून पावलाकडे जातो. पाऊल श्वासाचे ऐकते, आणि म्हणून ते किंचित मागेपुढे पडते.

तारप्याच्या चालींवर विद्युत् ठोका चढविलेली जी मुद्रणे आज या भागात फिरतात, त्यांत हा क्रम उलटतो. प्रथम ठोका येतो, अचल व समांतर. तारप्याचा एक तुकडा कापून त्यावर पुनःपुन्हा फिरविला जातो. त्यापुढची क्रिया अधिक खोल जाते. ठोका आणि इतर नाद यांची टक्कर होऊ नये म्हणून ठोक्याच्या संकेतावर दुसऱ्या मुद्रणाचा कॉम्प्रेसर चालविण्याची युक्ती मिश्रणकारांत सर्वत्र रूढ आहे : ठोका पडला की दुसरा नाद क्षणभर दबतो व पुन्हा वर येतो. बेस गिटारवर ही युक्ती निर्दोष आहे. तारप्यावर ती लावली की अखंड नाद ठोक्याबरोबर धापा टाकू लागतो. ज्या वादकाने आयुष्यभर श्वास तुटू न देण्याची साधना केली त्याचा श्वास यंत्र प्रत्येक मात्रेला तोडते. आणि गंमत अशी की त्याची गरजही नसते. तारप्याचा आवाज ठोक्याच्या पुष्कळ वर असतो, टक्कर मुळात होतच नाही. केवळ सवयीने, दुसऱ्या संगीतातून उचललेल्या कृतीने, हा संस्कार केला जातो.

अशोक रानडे यांनी आदिम संगीत, लोकसंगीत, कलासंगीत, जनसंगीत अशा कोटी वेगळ्या मानल्या, त्या श्रेष्ठकनिष्ठता लावण्यासाठी नव्हेत, तर प्रत्येकीचे प्रयोजन व ऐकण्याची रीत निराळी आहे हे सांगण्यासाठी. मिश्रणाच्या शाळेत त्यांची आठवण करून देणे आज जरूर झाले आहे. वारल्यांच्या तरुणांनी आपल्याच चालीवर डीजेचा ठोका चढवून नाचू नये, असे सांगण्याचा अधिकार विद्यापीठातील कोणासही नाही, आणि तसा माझा अभिप्रायही नाही. ते जनसंगीत आहे व त्याचा आनंद खरा आहे. आक्षेप इतकाच की त्याच चालीचे संग्रहासाठी, अभ्यासासाठी किंवा 'अस्सल' म्हणून विकण्यासाठी केलेले मुद्रणही त्याच सूत्राने बांधले जाते, आणि मग पावलांचा धप्प आवाज 'गोंगाट' म्हणून प्रथम कापला जातो.

तारप्याचे मुद्रण करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना म्हणून एवढे सुचवावेसे वाटते. कर्ण्यासमोर एक मायक्रोफोन हवाच. त्या मुद्रणाचा ऐंशी हर्ट्झखालचा भाग खुशाल कापावा, तेथे वाद्य नाही. दुसरा मायक्रोफोन वेटोळ्याच्या बाहेर, जमिनीजवळ, पावलांसाठी ठेवावा व त्यावर कोणतीही खालची काट लावू नये. कॉम्प्रेसर लावायचाच तर या दुसऱ्या मुद्रणावर, सौम्य प्रमाणात, जलद पकडीने, म्हणजे काठीचा आघात दूरच्या पावलांना झाकणार नाही. दोन्ही मायक्रोफोनांतील अंतर मोजून लिहून ठेवावे; खर्ज कोठे बुडतो ते त्या आकड्यावरून नंतर काढता येते. डोंगरात हे साधते. किनाऱ्यावर, शिरगाव-सातपाटीसारख्या ठिकाणी, नाच मैदानात असला तर अडचण वाऱ्याची : वाऱ्याची घरघर आणि पावलांचा आवाज एकाच पट्ट्यात, शंभर हर्ट्झच्या खाली, पसरलेले असतात व जगातील कोणताही इक्वलायझर त्यांना वेगळे करू शकत नाही. तेथे मायक्रोफोनला केसाळ आच्छादन घालून तो एखाद्या गडग्याच्या आडोशाला, समुद्राकडे पाठ करून ठेवावा, आणि खारा वारा पडण्याची वेळ वारल्यांना नव्हे, आपण सांभाळावी.